मोटारीतील स्पीकर आणि त्यांचा तोल

मोटारीत रेडिओ असावा की नसावा, हा वाद केव्हाच मिटला. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' या नावाने मोटारीतला रेडिओ विकायला काढला, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज आपल्याकडे जीप, टेम्पो, काळीपिवळी, इतकेच काय उसाच्या ट्रॅक्टरवरसुद्धा स्पीकर वाजत असतात. उसाचा ट्रॅक्टर तर दिसण्याच्या आधी ऐकू येतो. तेव्हा आजचा प्रश्न वेगळा आहे. जे बसवले आहे त्यातून शब्द कळतो, की नुसता दणका बसतो?

हा प्रश्न माझ्यासमोर उभा केला माझ्या मामांनी. मी महाविद्यालयात गणित शिकवतो. विजेचे काम हा काही माझा धंदा नव्हे. जुनी मोटार घेतली आणि हौसेने तीत नवे स्पीकर बसवायला तालुक्याच्या गावी गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, मागं एक बारा इंची बॉक्स टाका, गाडी हलली पाहिजे." टाकला. त्याला वेगळा ॲम्प्लिफायरही घेतला. नऊ हजार रुपये गेले आणि गाडी खरोखरच हलू लागली.

पुढे कांद्याच्या दिवसांत मामांना घेऊन बाजार समितीकडे निघालो होतो. कांद्याचा टेम्पो पुढे गेलेला. मामा मागच्या सीटवर. रेडिओवर बाजारभाव चालू झाले. निवेदकाने भाव सांगितला आणि मामा पुढे वाकून म्हणाले, "काय म्हणाला रे तो? सतराशे का अठराशे?" मला पुढे बसून नीट ऐकू आले होते: सतराशे. मामा म्हणाले, "मला तर अठराशे वाटलं. मागं नुसतं घुम घुम ऐकू येतंय." चाळीस क्विंटल माल होता. क्विंटलमागे शंभराचा फरक म्हणजे चार हजार रुपये. माल इथे उतरवायचा की पुढच्या बाजारात न्यायचा, हे त्यावर ठरायचे होते. नऊ हजारांचे स्पीकर बसवून घरच्या माणसाला आकडा कळू नये, याची मला लाज वाटली. मग आमच्याकडचे पदार्थविज्ञानाचे एक सहकारी आणि मी, असे दोघे दोन रविवार त्या गाडीच्या मागे लागलो. त्यातून जे कळले ते सांगतो.

प्रथम 'सतरा' आणि 'अठरा' यांचे पाहू. या दोन शब्दांतले स्वर जवळजवळ सारखे आहेत. भेद आहे तो 'स'चा आणि 'त' व 'ठ' यांचा, म्हणजे व्यंजनांचा. स्वरांचे बळ खालच्या आणि मधल्या कंपनांत असते. व्यंजनांची ओळख पटवणारा भाग बराचसा दर सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वर असतो, 'स'चा सीत्कार तर आणखी वर. हा भाग हलका असतो. 'स'चा आवाज 'आ'च्या मानाने किती दुबळा, हे वर्गाच्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारा. आता या दुबळ्या भागावर खालून मोठा खर्ज आदळला तर काय होईल? कानाचा स्वभाव असा, की खर्जाचा मोठा आवाज आपल्या वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. उलट मात्र तितकेसे घडत नाही. बारीक आवाज खर्जाला झाकू शकत नाही. इंजिनाची घरघर आणि टायरांची गुरगुर ही आधीच खर्जातली. तीत मी बारा इंची पेटीची भर घातली. 'सतरा'तला 'स' गेला, 'अतरा' उरले, आणि मामांच्या मनाने त्याचे अठरा केले. त्यात मामांचे वय सत्तरीच्या पुढे. वयोमानाने कान जातात ते बहुधा वरच्या आवाजापासून, तेव्हा त्यांच्यावर हा अन्याय दुहेरी झाला.

स्पीकर म्हणजे मुळात अगदी साधी वस्तू. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे लोंबते. त्यातून आवाजाच्या चालीने वीज गेली की वेटोळे पुढेमागे होते, आणि त्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू हवा ढकलतो. १९२५ साली राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी या स्पीकरचे जे रूप मांडले, तेच थोड्याफार फरकाने आजही आपल्या मोटारीच्या दारात आहे. पण शंकू हवा पुढे ढकलतो तेव्हा मागची हवा ओढली जाते, हे लोक विसरतात. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. दोघी भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. खर्जाची लाट लांब असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर ५० कंपनांच्या सुराची लाट जवळजवळ ७ मीटर भरते. ती कडेने सहज वळसा घालते. दहा हजार कंपनांची लाट असते साडेतीन सेंटिमीटरची; ती सरळ जाते आणि वाटेत गुडघा आला तरी अडते.

एवढ्या दोन गोष्टी ध्यानात धरल्या की मोटारीतली निम्मी दुखणी उलगडतात. कारखान्यातून येणारे स्पीकर बहुधा दाराच्या खालच्या भागात असतात. म्हणजे खर्ज सगळीकडे पोचतो आणि टिपेचा भाग पँटच्या कापडात मुरतो. शिवाय दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात. त्यांतून मागची लाट पुढे येते आणि चांगल्या स्पीकरचाही खर्ज पोकळ करते. आम्ही दाराचे आवरण काढले, ती भोके डांबरी पत्रीने बंद केली, स्पीकरखाली वॉटरप्रूफ प्लायवूडची रिंग दिली आणि स्क्रू घट्ट आवळले. खर्च अगदी थोडा. पण नव्या स्पीकरने जे झाले नव्हते ते याने झाले. त्याच जुन्या दारातून ढोलकीचा ठेका सुटा ऐकू येऊ लागला. एक सावधगिरी मात्र घ्यावी. दाराच्या अगदी तळाशी पावसाचे पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती चुकूनही बुजवू नयेत, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार गंजते. आणि नवा स्पीकर घेण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून आतली खोली मोजावी. स्पीकरचे चुंबक काचेच्या वाटेत आले म्हणजे स्पीकर तरी परत करावा लागतो, नाहीतर काच अर्ध्यावर ठेवून हिंडावे लागते.

दुसरे दुखणे आम्हाला मागच्या फळीवर सापडले. तिथे दोन लंबगोल स्पीकर होते. त्यांतल्या एकाच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. स्पीकरला धन आणि ऋण अशी दोन टोके असतात. दोन्ही स्पीकरांना सारखी जोडणी असली तर दोघे एकाच वेळी हवा पुढे ढकलतात. एकाची उलटी झाली की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. खर्ज नाहीसा होतो आणि बोलणारा माणूस नेमका कुठे आहे हे कळेनासे होते. आवाज डोक्याभोवती तरंगत राहतो. याची परीक्षा घड्याळाच्या दीड व्होल्टच्या सेलने करता येते. स्पीकर संचापासून सोडवावा, सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला आणि ऋण टोक ऋणाला क्षणभर टेकवावे. शंकू बाहेर उसळला तर खुणा बरोबर आहेत. आत गेला तर खुणा उलट. टिपेचे छोटे स्पीकर, ज्यांना ट्वीटर म्हणतात, त्यांच्यावर हा प्रयोग चालत नाही.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात फार चांगला दाखवता येईल. दोन जुने एकसारखे स्पीकर शेजारी शेजारी ठेवा, दोहोंना एकच गाणे द्या आणि मग एकाच्या तारा उलटवा. मृदंगाचा आवाज वर्गासमोर विरघळून जातो. लाटांचे परस्परांना मारणे फळ्यावर आकृती काढून जितके पटत नाही तितके या एका झटक्यात पटते.

आता वॅटचा घोळ. खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे ठळक छापलेले असते, आणि गिऱ्हाईक त्यावर भाळते. मी गणिताचा माणूस असूनही भाळलो. हिशेब पाहा. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना हा दाब १४ च्या आसपास जातो. मोटारीतल्या स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. दाबाचा वर्ग करा, १९६. त्याला ४ ने भागा, ४९ आले. हेच ते खोक्यावरचे ५० वॅट! पण हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा आवाजाची लाट वरून आणि खालून चौकोनी कापली गेलेली असेल, म्हणजे ती गाणे न राहता खरखर झालेली असेल. शुद्ध गोल लाटेला त्याच्या निम्मे मिळते, आणि संचातली गळती वजा केली की हाती पंधरा ते वीस वॅट उरतात. तेवढे पुरेसे असतात, ही गोष्ट निराळी. कारण आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती सुमारे दसपट करावी लागते.

म्हणून स्पीकर विकत घेताना वॅटपेक्षा दुसरा एक आकडा पाहावा, तो बहुधा बारीक अक्षरांत असतो. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो आकडा. तीन डेसिबल वाढले की शक्ती दुप्पट केल्यासारखे होते. म्हणजे ८६ डेसिबलचा स्पीकर काढून ९२ चा बसवला, तर ॲम्प्लिफायर न बदलता तो चौपट केल्याचे फळ मिळते. इथेही एक मेख आहे. काही जण हा आकडा एका वॅटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. ८ ओहमच्या स्पीकरला तो बरोबर एक वॅट होतो. ४ ओहमच्या स्पीकरला दोन वॅट होतात. म्हणजे तीन डेसिबल फुकटचे छापून मोकळे! दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

स्पीकरांची संख्या वाढवण्याच्या मोहाविषयीही बोलले पाहिजे, कारण टेम्पो-जीपवाल्यांत तो फार आहे. एकाच तारेवर दुसरा स्पीकर समांतर जोडला की ४ ओहमचे २ होतात, संचातून दुप्पट प्रवाह ओढला जातो आणि संच तापून बसतो. तीच गोष्ट ऋण तारेची. जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार गाडीच्या बॉडीला जोडण्याची पद्धत होती. आजच्या संचांत स्पीकरच्या दोन्ही तारा चालू असतात. त्यांतली एक बॉडीला टेकली की संच जळू शकतो. जुन्या मिस्त्रीच्या हातून हे अगदी सवयीने होते, त्याला आधीच सांगावे.

माझ्या ॲम्प्लिफायरची तार बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत गेली होती आणि तिला फ्यूज नव्हताच. सहकाऱ्यांनी बॉनेट उघडताक्षणी कपाळाला हात लावला. दोनशे वॅट बाहेर द्यायचे तर ॲम्प्लिफायर आत पंचवीसेक अँपिअर ओढतो, कारण बराच भाग उष्णतेत जातो. अशी तार इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून जाते. पत्र्याच्या धारेने तिचे कातडे सोलले आणि ती बॉडीला टेकली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असून उपयोगी नाही, तो बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरावर हवा, आणि पत्र्याच्या भोकात रबरी बूच हवे. चांगला स्पीकर पुढच्या वर्षी घ्या, पण हा फ्यूज आजच बसवा.

आता तोल साधण्याचे काम. संचावर दोन सोयी असतात, एक डाव्या-उजव्याची आणि एक पुढच्या-मागच्याची. पुढच्या-मागच्या सोयीला फेडर म्हणतात. माझा फेडर पूर्ण पुढे होता, कारण मला तसे बरे वाटे. म्हणजे मामांना मागच्या फळीवरून काहीच मिळत नव्हते. शब्द माझ्या गुडघ्याजवळ उमटत होते आणि त्यांच्या पाठीशी डिकीतली पेटी तेवढी घुमत होती. फेडर मध्याच्या किंचित मागे आणला, मागच्या स्पीकरची तार सरळ केली, पेटीचा आवाज निम्म्याहून खाली उतरवला आणि पुढच्या स्पीकरांना ८० कंपनांच्या खालचा भाग जाऊ दिला नाही. ही अडवणूक हल्लीच्या बऱ्याच संचांत बटणाने करता येते. लहान शंकूला मोठा खर्ज पेलत नाही. ते ओझे उतरले की तो बोलणे स्वच्छ बोलतो.

डाव्या-उजव्याचा प्रश्न जरा नाजूक. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या जवळ, डावा अर्धा मीटर तरी लांब. अर्ध्या मीटरला ध्वनीला दीड सहस्रांश सेकंद लागतो. एवढ्याशा वेळाने काय होणार, असे वाटेल. पण जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली प्रयोगांनी दाखवले की एकच आवाज दोन ठिकाणांहून काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने आला तर कान तो पहिल्या ठिकाणाचाच मानतो. म्हणून चालकाला सगळा गायनवृंद उजव्या दारात कोंबल्यासारखा वाटतो. डावा आवाज थोडा वाढवला की काही अंशी सुधारते. काही संचांत जवळच्या स्पीकरला तेवढ्या वेळापुरते थांबवून ठेवण्याची सोय असते, ती अधिक चांगली. पण चालकासाठी नेमके केले की डावीकडच्याचे बिघडते. एकट्याने फिरणाऱ्याने ते खुशाल करावे. घरची माणसे बसत असतील तर मध्यावर ठेवावे, असे माझे मत आहे, सहकाऱ्यांचे नाही.

ट्वीटर घ्यावा की नाही, हे तुम्ही काय ऐकता त्यावर आहे. मध्यम लहरींवरचा रेडिओ साधारण चार-पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही देतच नाही, तेव्हा तिथे ट्वीटर नुसता शोभेला. एफ. एम. वर पंधरा हजारांपर्यंत आवाज येतो, तिथे त्याचा उपयोग आहे, आणि तो आरशाजवळ, कानाच्या उंचीच्या आसपास बसवावा. ट्वीटरला खर्ज सोसत नाही, म्हणून त्याच्या वाटेत एक कपॅसिटर घालतात. ४ हजार कंपनांच्या खालचे अडवायचे आणि रोध ४ ओहम, तर ४००० गुणिले ४ गुणिले ६.२८ म्हणजे जवळजवळ एक लाख. एकाला एक लाखाने भागले की १० मायक्रोफॅरड. विद्यार्थ्यांना हे उदाहरण घालावे, उत्तर सुरेख येते. कपॅसिटर मात्र धन-ऋण नसलेल्या जातीचा घ्यावा. आणि एवढे करूनही संच खरखरेपर्यंत मोठा केला तर ट्वीटर जळतो, कारण कापल्या गेलेल्या लाटेत नसलेले बारीक सूर नव्याने तयार होतात आणि ते सगळे त्याच्याच अंगावर येतात.

कानांचेही सांगतो, थोडक्यात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या सरकारी संस्थेचा सल्ला असा की ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासच ऐकावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. बंद काचांच्या मोटारीत बारा इंची पेटीने शंभर गाठणे मुळीच अवघड नाही. गाडीतून उतरल्यावर कानात सूं होत असेल तर आवाज जास्त झालेला आहे. मला स्वतःला एकदा घाटात मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नव्हता. ट्रकवाल्याने पुढे येऊन काच खाली करून जे सांगितले ते इथे लिहिता येत नाही.

पुढच्या खेपेला मामा पुन्हा मागे बसले. बाजारभाव लागले तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिलो. निवेदकाचे वाक्य संपताच मामा म्हणाले, "चौदाशे. पाडला भाव." भाव पडल्याचे दुःख त्यांना होते, आणि मला होत असलेला आनंद त्यांना काही केल्या कळेना.

डिकीतली पेटी शेवटी मी काढून टाकली. ती आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिक ताणून बांधतात, वर चिमूटभर रांगोळी टाकतात आणि चाळीस-पन्नास कंपनांचा सूर देतात. रांगोळी नाचू लागते आणि मुले बाकांवर चढून पाहतात.